वीतभर पात्याचा नियम

आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटरची खोली आहे. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिथे एक पत्र्याची पेटी आणून ठेवली गेली. त्या पेटीबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी तिचा वास आठवतो. ओलं लोखंड, मटणाच्या सुऱ्यांना राहिलेली चरबी आणि त्यावर टाकलेल्या डांबरगोळ्या. अजूनही कुणाच्या कपाटातून डांबरगोळीचा वास आला की मला ती पेटी दिसते.

इमारत पालिकेची आहे. ओढ्याकाठच्या झोपड्या हलवल्या तेव्हा तिथल्या आणि इतर काही कुटुंबांना भाड्याने एकेक खोली मिळाली. मालकी पालिकेची, करार ज्याच्या त्याच्या नावावर. आमचा करार आईच्या नावावर आहे, कारण वडील मी सातवीत असताना गेले. खोलीला आतच मोरी आहे, नळ आहे, आणि दार लावून अभ्यास करता येतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला आहे. ही खोली नसती तर पहिलं वर्षही झालं असतं की नाही, सांगता येत नाही.

आई चारा कापायला जाते. गावात जमीन नसलेले पण गाई-शेळ्या पाळणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्यासाठी एक टेम्पोवाला रोज बायकांना घेऊन कुणाच्या तरी शेतावर जातो, मका नाहीतर कडवळ कापून पेंढ्या आणतो आणि चौकात विकतो. उसाचा हंगाम लागला की उसाचे हिरवे शेंडे, ज्यांना आम्ही वाढे म्हणतो, ते. टेम्पो फाट्यावर उजाडायच्या आत येतो आणि कुणासाठी थांबत नाही. कोयता जिचा तिने आणायचा. आईच्या कोयत्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आहे, तिच्या पंजाच्या मापाने. दुसऱ्या कुणाचा कोयता तिच्या हातात बसत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत नाचण्यावरून भांडण झालं आणि आमच्या इमारतीतल्या एका मुलाने कोयता उगारला. कुणाला लागलं नाही, पण त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. पुण्याकडच्या कोयत्यांच्या बातम्या तेव्हा रोज मोबाईलवर येतच होत्या. लोक घाबरले होते, हे खरं आहे. मीही घाबरले होते.

इमारतीची एक कमिटी आहे. पाण्याची मोटर, जिन्याची झाडलोट आणि वर्गणी, एवढंच तिचं काम. कमिटीचे अध्यक्ष तळमजल्यावर राहतात. प्लॉटच्या व्यवहारात असतात, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत त्यांचा फोटो असतो. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना दादा म्हणतात. विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मीटरच्या खोलीच्या दारावर पाटी लावली. इमारतीत हत्यार ठेवण्यास सक्त मनाई. वीतभरापेक्षा लांब पातं कमिटीकडे जमा करावं. ठेवल्याचं आढळल्यास खोली खाली करावी लागेल.

जमा करायच्या दिवशी जिन्यात गर्दी झाली. मोजायला दादांच्या बायको बसल्या होत्या. त्यांना सगळे वहिनी म्हणतात.

"वीत कुनाची धरायची?" आईने विचारलं. "दादांची का तुमची?"

"माझीच. मी मोजतीय ना."

"तुमची लई बारकी हाय, वहिनी. सगळ्यांच्या भाजीच्या सुऱ्या जमा हुतील बगा."

बायका हसल्या. वहिनीही हसल्या. मग त्यांनी आईच्या कोयत्यावर अंगठा आणि करंगळी ताणून ठेवली, "ह्यो तर हातभर हाय," म्हणाल्या आणि कोयता पेटीत गेला. त्याच्याबरोबर कुणाची कुऱ्हाड, दोघीतिघींचे विळे, नारळाचा कोयता, मटणाचे सुरे. काही सुरे पुसलेसुद्धा नव्हते.

नियमात काही चूक आहे असं त्या दिवशी मला वाटलं नाही. अडचण दुसऱ्या दिवशी कळली. किल्ली वहिनींकडे, आणि देवपूजा झाल्याशिवाय त्या किल्लीला हात लावत नसत. तोवर टेम्पो शेतात पोचलेला असायचा. आई टेम्पोवाल्याकडचा एक जुना कोयता वापरू लागली. त्याची मूठ लाकडी आणि तडकलेली होती. संध्याकाळी भाकरी थापताना ती तळव्याऐवजी बोटांनीच पीठ दाबायची, कारण तळव्याला फोड आले होते.

आमच्या समोरच्या खोलीत एक मावशी राहतात. जामखेडकडच्या शेतकरी घरातल्या. नवरा दुधाच्या गाडीवर आहे. इमारतीत आईचं सगळ्यात जास्त त्यांच्याशी जमायचं. दुपारी त्या आमच्या दारात यायच्या, उंबऱ्यापाशी उभ्या राहून चहा प्यायच्या. आत बोलावलं तर "गॅसवर दूध ठिवलंय गं" म्हणायच्या. येताना स्वतःचा कप घेऊन यायच्या. "तुमची भांडी कशाला वाढवू," असं त्यांचं म्हणणं. किती समजूतदार बाई आहे, असं मला वाटायचं.

एका रविवारी, फोड फुटले तेव्हा, आई म्हणाली की आज संध्याकाळीच वहिनींना सांगू, कोयता आमच्याकडे राहू द्या, टेम्पो चुकतो. मी बरोबर गेले. मीटरच्या खोलीचं दार उघडं होतं. पेटीही उघडी होती. आत वहिनी आणि मावशी होत्या, पाठ आमच्याकडे.

"माझा सुरा जरा बाजूला ठिवा वहिनी," मावशी म्हणत होत्या. "देवाच्या बोकडाचा हाय. त्यांचा कोयता बराबर त्याच्या अंगावर पडलाय."

"कुनाचा?"

"आता तुमाला काय सांगायचं. म्हाईत हाय की."

वहिनींनी मान हलवली. "माझ्या बी मनात हुतंच. आदीच येगळं करायला पायजे हुतं." मग त्यांनी आईचा कोयता मुठीला दोन बोटांनी धरून वर काढला, जसा मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसा, आणि कोपऱ्यातल्या खताच्या रिकाम्या गोणीत टाकला. त्या गोणीत आधीच आणखी एक विळा आणि एक कोयता होता. दोन्ही आमच्यातल्याच घरांचे.

आम्ही बौद्ध आहोत. आजोबांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. शाळेत, कॉलेजात मला तोंडावर कुणी काही बोललेलं नाही, म्हणून कदाचित मला समजायला वेळ लागला. मी आधी गोणीकडे पाहिलं, मग पेटीकडे. पेटीतले विळेसुद्धा गवताचेच होते. ते आत राहिले होते.

मावशी वळल्या आणि आम्ही दिसलो.

"तसं न्हाई गं ताई," त्या लगेच म्हणाल्या. "मानसाचं काय न्हाई. देवाचा हाय ना सुरा, म्हनून."

"मी मका कापते त्यानं," आई म्हणाली.

"म्हनूनच की. गवताचं येगळं, मटनाचं येगळं."

आई आत गेली. गोणीत हात घालून आपला कोयता काढला, पदराने मूठ पुसली आणि मला म्हणाली, "चल." कुणी अडवलं नाही. जिना चढताना मला आला तो राग नव्हता. अंगावरून झुरळ जाताना जसं होतं, तसं सगळ्या अंगाला झालं होतं. मला आठवला तो कप. मावशींचा फुलाफुलांचा, स्वतःच्या घरून आणलेला कप.

त्यानंतर आईने कोयता जमा केला नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवायची, सकाळी फडक्यात गुंडाळून न्यायची. मावशींचं येणं चालूच होतं आणि आई त्यांना चहाही देत होती. मी आतल्या भिंतीकडे तोंड करून पुस्तक धरायचे. एके दुपारी मोरीच्या कठड्यावर कोयता धुऊन ठेवलेला होता. मावशींनी चहा संपेपर्यंत तिकडे दोनदा पाहिलं. संध्याकाळी दादा आले. बरोबर दोघं होते. दारातच उभे राहिले.

"ताई, नियम सगळ्यांना सारखा हाय," दादा म्हणाले. आवाज अगदी शांत.

"व्हय. मंग गोनीत आमचंच का?"

"ते बायकांनी बायकांचं बगून घ्या. मला त्यात वढू नका. कोयता द्या."

"कामाला काय घिऊन जाऊ?"

"दात हायेत की," मागच्यातला एकजण म्हणाला. "शेरडं बी दातानंच खात्यात."

दुसरा हसला. दादा हसले नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाही. मी उठून पुढे झाले. काय बोलायचं ते मनात नीट जुळवलं होतं, पण बोलताना आवाज बारीक झाला. "दादा, हा नियम पालिकेचा आहे का? लेखी काही आहे का?"

"कालिजात जाती ना तू? मग खालची पाटी वाचता यील." त्यांनी आईकडे पाहिलं. "ताई, मी पालिकेत अर्ज दिलाय. दसरा झाला की खोली खाली करा. तुमच्याच भल्याचं सांगतो, बोभाटा नको."

कोयता ते घेऊन गेले. तो परत त्या गोणीत गेला, हे मला न पाहताही कळलं.

दुसऱ्या दिवसापासून आई पुन्हा तोच तडकलेल्या मुठीचा कोयता वापरू लागली. मी मात्र पुढचे दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात काढले. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे वाचलेलं खरंच तसंच आहे ना याची खात्री होईना, पुन्हा पुन्हा वाचत होते. हत्यारांच्या नियमांत ठरावीक मापापेक्षा लांब किंवा रुंद पातं धरलेलं आहे, पण घरकामाची आणि शेतीकामाची अवजारं सोडून. ती ओळ मी एका कागदावर उतरवून घेतली. सरांना विचारावं असं वाटलं. पण मग गोणीचं सांगावं लागलं असतं, आणि ते तोंडातून निघालं नसतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी लोक आपापली अवजारं पुसून पुजतात. आमच्याकडे ते नसतं. आमचा सण दुसऱ्या दिवशी, आई पांढरी साडी नेसून विहारात जाते. त्या सकाळी पेटी बाहेर गाड्या लावतात तिथे आणली. सगळी पाती धुतली, तेलाने पुसली, लाल कापडावर मांडली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. आणि सगळ्यांच्या मधोमध दादांची तलवार. मखमली म्यानातून काढून ठेवलेली. मिरवणुकीत ती त्यांच्या कमरेला असते आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला केक तिनेच कापतात. ती पेटीत कधीच जमा झाली नव्हती. मी कॉलेजला निघाले होते, तिच्या बाजूने गेले. पात्याच्या खाचेत केकची मलई वाळून पिवळी पडली होती आणि तिच्यावरच कुंकू वाहिलेलं होतं. एक माशी तिथून हलत नव्हती.

टेम्पोची पूजा म्हणून आईला त्या दिवशी सुट्टी होती. ती वहिनींना म्हणाली, "पेटी काढलीच हाय तर गोनीतलं आमचं तेवढं द्या."

"आज पुजेला लावलं की दसरा हुईस्तवर काय काढत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "आन तुमच्यात पुजत न्हाईत ना? मंग कशाला घाई."

गोणी मीटरच्या खोलीतच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

दुपारी इमारतीच्या ग्रुपवर दादांनीच फोटो टाकला. हात जोडून, समोर पाती, मधे तलवार. शुभेच्छा. खाली अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली. मी फोटो मोठा करून पाहिला. दादांच्या डोक्यामागे मीटरच्या खोलीचं दार होतं आणि दारावर पाटी, अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. इमारतीत हत्यार ठेवण्यास सक्त मनाई. मला आधी हसू आलं. मग तलवारीच्या खाचेतली ती पिवळी मलई आठवली. फोटो मी जपून ठेवला.

दसऱ्यानंतर पालिकेचं कार्यालय उघडलं त्या दिवशी आईने काम बुडवलं. घरकुलांचं काम बघणारे साहेब तंबाखूचा मावा चघळत होते. टेबलाखाली एक डबा होता, त्यात थुंकून मगच बोलायचे. दादांचा अर्ज त्यांच्यासमोरच होता. मी उतरवलेला कागद पुढे केला.

त्यांनी तो अर्धाच वाचला. "कमिटीचं काम मोटर चालू-बंद करायचं," ते म्हणाले. "खोली पालिकेची आहे. काढायचं झालं तर आम्ही नोटीस देऊ, तुमचं म्हणणं ऐकून घेऊ. असं पाटी लावून कुणी कुणाला काढत नसतं."

"म्हणजे आम्ही राहू शकतो?"

"राहा की. भाडं भरता ना?"

"आणि कोयता?"

"चारा कापायचा ना? त्याला कोण विचारतंय."

इतकं सोपं होतं. इतके दिवस आईच्या हाताचे फोड, माझी उडालेली झोप, आणि हे एवढंसं बोलायला त्यांना मावा बाजूच्या गालात सरकवण्याएवढाही वेळ लागला नव्हता. मग मी मोबाईल पुढे केला. फोटो पाहिल्यावर त्यांचं चघळणं थांबलं. दोन बोटांनी त्यांनी तलवार मोठी केली, मग पाटी.

"पाटी झकास आलीय," ते हसले. मग हसणं गेलं. "कुणाकुणाला दाखवलास?"

"अजून कुणाला नाही."

"मग खोडून टाक. अर्ज मी इथंच फाडतो. तुला परीक्षा असतील, कशाला या भानगडीत पडतेस."

मी आईकडे पाहिलं. फोटो खोडला की खोली राहत होती.

"सायेब," आई म्हणाली, "मला तलवारीचं काय करायचंय. माझी खोली आन माझा कोयता. पन फोटू पोरीच्या मोबाईलात ऱ्हाऊ द्या. अर्ज फाडायचा आसंल तर फाडा, न्हाईतर नोटीस द्या. आमी येऊ बोलायला."

साहेब खाली वाकून थुंकले, अर्ज फाडला आणि तुकडे त्याच डब्यात टाकले. आमच्यादेखतच दादांना फोन लावला. "ती पाटी काढा आधी. आणि तो फोटोही काढा. हो, तोच. ज्याचं त्याला देऊन टाका सगळं." आम्ही बाहेर पडताना ते दादांच्या कुठल्याशा विनोदावर हसत होते.

संध्याकाळी पेटी उघडली. दादा घरात नव्हते. वहिनी एकेकीचं काढून देत होत्या. मावशी आपला सुरा घेऊन बाजूला झाल्या, कमरेची छोटी बाटली काढली आणि सुऱ्यावर गोमूत्र शिंपडलं.

"आता कशाला?" एकीने विचारलं. "त्यांचं तर गोनीत हुतं."

"पयल्या दिवशी लागलं हुतं ना. असू दे, बरं असतं."

मग ती विचारणारीच आपला विळा पुढे करून म्हणाली, "माझ्यावर बी टाक थोडं." मागोमाग दुसरी. नारळाचा कोयता, कुऱ्हाड. त्या काही ओरडत नव्हत्या, भांडत नव्हत्या. दळणाच्या रांगेत उभं राहावं तशा उभ्या होत्या, कुणाच्या मुलाला ताप आहे, कुणाकडे पाणी कमी येतं, असं बोलत होत्या.

आई दहा पावलांवर सार्वजनिक नळाशी बसली होती. गोणीतून काढलेल्या कोयत्याच्या मुठीची ट्यूब उंदरांनी कुरतडली होती, पात्याला लेंड्या चिकटल्या होत्या, गंज चढला होता. ती विटकरीने पातं घासत होती.

"आई, वर चल ना," मी म्हणाले. "मोरीत घास."

"कशाला मोरी घान करायची. हितंच घासते."

रांग संपेपर्यंत ती घासत होती. मला उभंही राहवत नव्हतं आणि तिला सोडून जाताही येत नव्हतं. जिन्यातून आमच्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी मावशींकडे देवाचं बोकड पडलं. संध्याकाळी त्या झाकलेलं पातेलं घेऊन दारात आल्या. "तुझ्या लेकीला आवडतं ना. परीक्षा हायेत, खाऊ दे." आईने आपल्या पातेल्यात ओतून घेतलं. मावशी आपलं पातेलं घेऊनच गेल्या.

आई जेवायला बसली. मी बसले नाही.

"खात न्हाईस?"

"मळमळतंय. आई, तिने त्याच सुऱ्यावर…"

"म्हाईत हाय. मी तितंच बसले हुते."

"मग तुला कसं जातं?"

तिने भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. "सकाळी कामाला जायचंय," ती म्हणाली.

सकाळी मी जागी झाले तेव्हा ती निघत होती. कोयता आता पिठाच्या डब्यामागे नसतो. दाराबाहेर गॅलरीत, मावशींच्या दारासमोरच्या खिळ्याला टांगलेला असतो. मुठीला नवी ट्यूब आहे. तिने तो काढला, फडकं न गुंडाळता तसाच हातात घेतला. समोरचं दार उघडलं, मावशी दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या.

"निगाली का ताई?"

"व्हय. आज शेवगाव रस्त्याला हाय काम."

"लई लांब गं."

आवाज दोघींचे नेहमीचेच होते. आईची पावलं जिना उतरून गेली. मी दार लावलं आणि मावशींचं मटण ओतून घेतलेलं रात्रीचं पातेलं मोरीत घासायला घेतलं. आधी राखेने, मग साबणाने, मग आईने कोपऱ्यात ठेवलेली विटकर घेतली. तेल केव्हाच निघालं होतं. मी तरी घासतच होते, आणि कशासाठी, ते लक्षात आल्यावरही हात थांबायला वेळ लागला.